सिंगापूरचा एक फोटो, जो इथे दिसणार नाही

दुकानात मोटर बांधून तपासत होतो, तेव्हा सिंगापूरहून पुतणीचा फोन आला. "काका, पासपोर्ट काढून दोन वर्षं झाली. तो काय शोकेसमध्ये ठेवायला काढलाय?" प्रज्ञा तिथे संशोधक आहे. टोमणा बरोबर बसला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये मी औरंगाबादहून निघालो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी दहावीपर्यंत शिकलो. मोटर रिवाइंडिंग, इंग्रजी आणि हा ब्लॉग, तिन्ही गोष्टी पुस्तकं उघडून स्वतः शिकलो. 'निसर्गरम्य परिसर' असं मी लिहीत नाही, बस नंबर लिहितो. त्याचा मला अभिमान आहे. होता म्हणा.

विमानतळावरून बुकित पंजांगला जायचं तर एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, ताना मेरा, तिथे बदलून जुराँग ईस्ट, परत बदलून चोआ चू कांग, आणि पुढे एलआरटी ही छोटी गाडी. ही एलआरटी बिनचालकाची आहे. इमारतींच्या अगदी जवळून जाताना तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. ते तंत्र समजून घ्यायला मी दोन फेऱ्या जास्त मारल्या. प्रज्ञाची आठ वर्षांची सानू कंटाळून तिथल्या ढंगातल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, इनफ ला!"

रविवारी आम्ही ब्रह्मी लोकांच्या विहारात गेलो. ब्रह्मदेशात त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच भिक्खू रस्त्यावर उतरले होते आणि लष्कराने त्यांना झोडपलं होतं, गोळ्याही झाडल्या होत्या. आपल्याकडे बातमी टीव्हीवर दोन-चार दिवस चालली. तिथे विहारात ती अजून चालूच होती. लोक कोपऱ्यात मोबाईल कानाला लावून उभे, आणि पलीकडून कोणी उचलत नाही.

वंदना सुरू झाली. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण त्रिसरण-पंचशील तेच. मी लहानपणापासून म्हणतोय, मोठ्याने म्हटलं. शेजारची बाई वळून बघायला लागली. प्रज्ञाची ती ओळखीची होती. तिचं नाव, काम, पत्ता मला माहीत आहे, लिहीत नाही. "तुम्हाला हे कसं येतं?" तिने इंग्रजीत विचारलं. म्हटलं, आमच्या घरात येतंच. मग ती माझ्याजवळ बसली, घरच्यासारखी.

तिचा धाकटा भाऊ भिक्खू. पहाटे सैनिक मठात शिरले, तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. तीन आठवडे झाले होते. पर्समधून तिने त्याचा फोटो काढला. मग एकदम म्हणाली, "तुमचा देश एवढा मोठा, आमच्या अंगणाला लागून. तुमचं सरकार काय म्हणालं?"

आपलं सरकार त्या दिवसांत ब्रह्मदेशातला नैसर्गिक गॅस मिळवायच्याच गोष्टी करत होतं.

लाज वाटली, आणि लाजेपोटी मी नेहमीचं काम केलं. भावाचा फोटो हातात धरलेली ती, असा तिचा फोटो काढला. भावाचं पूर्ण नाव, मठ, रस्ता, सगळं स्पेलिंगसकट वहीत उतरवलं. तिने सांगितलं, कारण मी वंदना म्हणणारा होतो. त्याच संध्याकाळी लेख टाकला आणि फोटोसकट एकेचाळीस वाचकांना ईमेलही केला. जेवताना प्रज्ञाचा नवरा विवेक म्हणाला, "काका, जरा जपून. इथे पाच जण जमायचे तर परवाना लागतो. आणि ती नोकरीच्या पासवर आहे, कधीही परत पाठवतील." मी म्हटलं, "सगळी सरकारं गप्प, निदान मी तरी बोलतो की!"

बुधवारी प्रज्ञाने रजा काढून मला पुलाउ उबीनला नेलं. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून बंबोट, म्हणजे छोटी मोटरबोट, माणशी दोन डॉलर, बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. बेटावर भाड्याच्या सायकली मिळतात, ब्रेक आधी तपासा. पत्र्याच्या छपरांच्या जुन्या घरांपाशी नारळपाणी पीत होतो, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन वाजला. ती ऐकत गेली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काका, तो लेख काढा. आत्ता."

त्या बाईच्या ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने कौतुकाने तिला माझं पान दाखवलं होतं, 'तुझा फोटो आलाय की!' आणि त्याच सकाळी तिला निरोप आला होता की भाऊ जिवंत आहे. चीवर उतरवून, साध्या कपड्यांत, दुसऱ्याच नावाने लपलाय. माझ्या पानावर त्याचा चेहरा होता, खरं नाव होतं आणि बहीणही होती. नाव इंग्रजी स्पेलिंगसकट होतं, त्याला शोधणाऱ्या लष्कराला मराठी कळायची गरजच नव्हती.

बेटावर संगणक कुठला? धक्क्यावर आलो तर नऊच माणसं. नाववाला म्हातारा ढिम्म. "ट्वेल्व्ह, अंकल," एवढंच म्हणाला. तीन रिकाम्या जागांचे पैसे मी त्याच्या हातात कोंबले. मग २९ नंबरची बस, टॅम्पिनीजचं वाचनालय. प्रज्ञाच्या कार्डावर संगणक मिळाला. पासवर्ड दोनदा चुकला. लेख गेला. उघडून पाहिलं, खरंच गेला होता. पण एकेचाळीस ईमेल परत बोलावता येत नाहीत, हे कुठल्या पुस्तकात वाचायचं राहिलं होतं कोण जाणे.

तिथेच बसून एकेकाला लिहिलं, फोटो पुसा, पुढे पाठवला असेल तर त्यांनाही सांगा. अडतीस उत्तरं आली. एकाने लिहिलं, "एवढ्यात घाबरलात? मग सरकारांना कशाला नावं ठेवता?" त्याला लिहिलं, जीव माझा असता तर नसतो घाबरलो.

निघायच्या दिवशी ती भेटायला आली. मी हात जोडले. ती रागावली नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. मी म्हटलं, आता काही लिहीत नाही. "लिहा," ती म्हणाली. "चेहरे नकोत, नावं नकोत. पण लिहा. गप्प बसणारे पुष्कळ आहेत." हा लेख प्रज्ञाने तिला इंग्रजीत वाचून दाखवलाय. तिने दोन वाक्यं काढायला लावली, काढली. भाऊ आता त्या देशाबाहेर आहे, म्हणून तिने एवढं लिहू दिलं.

त्या दोघांची आई मात्र अजून ब्रह्मदेशातच आहे. गेल्या महिन्यात दोन माणसं तिच्या दारात आली, हातात काहीतरी धरून मुलाबद्दल विचारून गेली. कळल्यावर मी प्रज्ञाला फोन केला. "हातात काय होतं? कागद की फोटो?"

"माहीत नाही, काका."

"रंगीत होतं का? केवढं होतं? नीट विचार तिला."

"तीनदा विचारलं. आईच्या डोळ्यांवर तेव्हा चष्मा नव्हता."

त्या ईमेलला ज्या तिघांनी अजून उत्तर दिलेलं नाही, ते हे वाचत असतील तर तो फोटो पुसा. आणि पुसलात, एवढं कळवा.