थंड हवा आणि बसलेला वडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर माझ्या दाढदुखीपासून सगळं ठाऊक असतं. पण काल घरात इतका आनंद होता, की आता पोटात राहत नाही.

माझी पुतणी तन्वी वैमानिक झाली! वेळणेश्वरला आमच्या घरी कोंबडी-वड्यांची पंगत बसली. मी नाचायचाच काय तो बाकी होतो. आणि आतून — काय सांगू?

मी रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. परीक्षेआधी तन्वीनं मला विचारलं होतं, कडाक्याच्या थंडीत विमानाचा उंचीमापक कसा चुकतो? मी — जन्मात स्वेटर न घातलेला माणूस — ऐटीत सांगितलं, थंड हवा जड, दाब जास्त, म्हणून मापक उंची कमी दाखवतो. विमान खरं तर वरच असतं. तिला ते उलट वाटत होतं. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं. तिनं माझं उत्तर ठणकावून दिलं आणि नापास झाली.

वसंता, माझा धाकटा भाऊ, तिचा बाप — डोक्याला हात लावून बसला. "दादा, हिनं अभ्यासच नाय केलान काय रे?" मी तोवर पुस्तक उघडून पाहिलं होतं. चूक माझी होती, पुरती माझी. मग बोललो का नाही? इतक्या वर्षांचा सर मी — चुकलो म्हणू? मी म्हणालो, "पोरीचं लक्ष नव्हतं."

तन्वीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वसंतानं तिचं शिक्षण थांबवलं. वर्षभर ती बागेत आंब्याच्या पेट्या भरत राहिली. शेवटी तिच्या आईनं हट्ट धरला, तेव्हा कुठे ती पुन्हा परीक्षेला बसली.

काल पंगतीत तिच्या आईनंच विचारलं, विमानाला उंची कळते कशी गो? तन्वीनं पानातला टम्म फुगलेला वडा उचलला. "हवा गरम झाली की अशी फुगते. थंड झाली की वड्यासारखी बसते. पण मापकाला ते कळत नाय, तो नेहमीचाच फुगवटा धरून उंची सांगतो. म्हणून थंडीत तो दाखवतो त्याच्यापेक्षा आपण खाली असतो, डोंगराच्या जवळ." मग सगळ्यांसमोर म्हणाली, "हे मी जन्मात विसरायची नाय. काकांमुळे!"

टाळ्या पडल्या. वसंतानं कौतुकानं माझ्या पानात आणखी दोन वडे वाढले. तन्वी माझ्याकडे बघून हसत होती — खोडकर, अगदी लहानपणीसारखी. मी मान खाली घातली आणि वडे खाल्ले. गरम होते, छान झाले होते.

पोरीचं लक्ष होतं. खोटं मी बोललो.