सूचनेचा रकाना

शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत ती एकवीस वर्षं फोनवर ऑर्डरी घेत होती. दुकानदार तिला नुसतं ताई म्हणत. कुणाला भागाचं नाव सांगता आलं नाही की ती म्हणायची, "फोन मशीनजवळ धरा आणि चाक फिरवा." खडखड ऐकून ती सांगे, शटल झिजलंय की पट्टा सैल झालाय. सहसा चुकायची नाही.

दूरच्या गावचे एक दुकानदार दर मंगळवारी अकराला फोन करत. ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं मंगळवारकाका. सुया-बॉबिनी सांगून झाल्या की इकडच्या तिकडच्या पाच मिनिटं गप्पा. ताईचा नवरा गेला त्या वर्षी त्या पाच मिनिटांनी तिला फार सावरलं.

मग कंपनीने वेबसाइट काढली. दुकानदार मोबाइलवर चित्र बघून ऑर्डर देऊ लागले. चुका कमी झाल्या, माल दोन दिवस आधी पोचू लागला. ते काही खोटं नव्हतं. फोन एकेक करत गप्प झाले. ताईला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. काकांच्या दुकानाच्या ऑर्डरी येत होत्या, आवाज येत नव्हता. आपलं काही चुकलं का, हे तिच्या मनातून जाईना.

वर्षभराने भाचीकडे जाताना तिने वाट वाकडी केली. काकांच्या दुकानात काउंटरवर त्यांची सून होती. आत एक म्हातारे गृहस्थ मशीनच्या अंगावर तळहात टेकवून चाक फिरवत होते.

"काका, मी कंपनीतली ताई." त्यांनी वर पाहिलंच नाही.

"त्यांना ऐकू येत नाही हो," सून म्हणाली. "तुमच्याशी बोलायचे तेव्हाही शेवटी शेवटी अंदाजानेच हो ला हो करत होते. सांगायची लाज वाटायची. वेबसाइट आली आणि सुटले."

ताईने 'कंपनीतली ताई' असं कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं. काका धडपडत उठले.

"मला वाटायचं, तुम्ही उंच असाल," ते म्हणाले. ताईला हसू आलं, आणि डोळेही भरले. "माझे निरोप मिळतात ना?" काकांनी विचारलं.

सुनेने मोबाइल दाखवला. ऑर्डरीखाली 'सूचना' असा रकाना होता. काका दर वेळी त्यात सुनेकडून एक ओळ लिहून घेत. 'ताईंना सांगा, दुकानाला रंग दिला.' 'ताईंचा गुडघा कसा आहे?'

ताईने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तिने मान डोलावली. मिळतात.

परतल्यावर ती कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलीकडे गेली. "तो सूचनेचा रकाना कुठे जातो गं?"

"कुठेच नाही, ताई. पॅकिंगच्या कागदावर तो छापतच नाही आपण."

मुलीने तो उघडून दिला. शेकडो ओळी होत्या, कितीतरी दुकानांच्या. कुणी विचारलं होतं, पूर्वीच्या बाई अजून आहेत का? उत्तर द्यायची सोय त्यात नव्हती.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ताई एकेका दुकानाला फोन लावू लागली. काकांच्या खोक्यात मात्र मोठ्या अक्षरांत चिठ्ठी टाकली: 'सगळे निरोप वाचले. गुडघा बरा आहे.'

पुढच्या ऑर्डरीत सूचनेच्या रकान्यात ओळ आली, 'वाचलं. अक्षर छान आहे.'

तिने ती चार वेळा वाचली. पण तिला ती काकांच्या आवाजात ऐकायची होती.