देवघराच्या उंबऱ्याबाहेरून काढलेला फोटो

“अहो, सही करू नका! ऐका ना, नका करू सही!” मी ओरडले तशी कडेवरची पोर दचकून रडायला लागली. लिहून घेणारा पोलीस म्हणाला, “अम्मा, हे स्टेशन आहे, बाजार नाही.” ह्यांच्या हातात पेन होतं. कागदावर लिहून तयार होतं, की प्लास्टर करताना ह्यांच्या हातून देवाचं चित्र बिघडलं. खाली फक्त सही राहिलेली.

किती दिवस झाले, ते पेन अजून माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही.

आमचे हे प्लास्टरचे मेस्त्री. इकडं तमिळनाडूत, कुंभकोणममध्ये, राहत्या, सजवलेल्या घरांतली कामं घेतात. ओल धरलेला गिलावा फोडायचा, नवा चढवायचा, आणि खालच्या ग्रॅनाइटवर ओरखडा दिसता कामा नये. झाकपाक माझ्याकडं. हातोडा पडायच्या आधी मी सगळ्या खोल्यांचे फोनवर फोटो काढते, मग ताडपत्री, मग चिकटपट्टी. माझी शाळा आठवीत सुटली, पण ही रीत माझीच. कारण आधीपासनं फुटलेली फरशीपण मेस्त्रीच्या गळ्यात घालणारे लोक मी पाहिलेत.

त्या घरात हॉलची भिंत करायची होती, तिला लागूनच देवघर. देवघरात कृष्णाचं जुनं तंजावरी चित्र, सोन्याच्या वर्खाचं. काच तडकली म्हणून काढून ठेवलेली. मी ताडपत्री घेऊन गेले तर मालकाचे वडील आडवे आले. त्यांना आमी तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणतो. आमच्यासारखेच मराठी. गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला ते पुढं गाणार, आमचे हे मागं टाळ धरणार.

“ए पोरी, उंबऱ्याच्या आत नको. सोवळं आहे. मी झाकतो.”

“तात्ता, लई धूळ उडते. नीट बांधायला लागतं.”

“तुझ्या ताडपत्रीच्या वासानं कृष्ण शिंकत बसेल,” म्हणाले नि हसले. मीपण हसले. तिथंच चुकलं माझं. त्यांनी झाकल्यावर मी बाहेरूनच एक फोटो काढला आणि कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी मालकानं चित्र पाहिलं. मुकुटाचं सोनं गेलेलं, लोण्याच्या मडक्याचं गेलेलं, खालचा पांढरा लेप उघडा. ना आमाला विचारलं, ना घरात कुणाला. सरळ स्टेशन. मेस्त्रीनं सोनं खरवडून नेलं म्हणून. ह्यांना कामावरनं उचललं. मी पोहोचले तर सौदा चाललेला. बिघाड माझ्या हातून झाला असं लिहून दे, चोरीची कम्प्लेंट देत नाही. अशी सही केल्यावर कोण ह्यांना घरात घेणार? आमी खायचं काय?

तेवढ्यात इन्स्पेक्टरअम्मा आल्या. कागद बाजूला सारला आणि ह्यांना विचारलं, “थापी लागली का चित्राला?”

“लागली असेल, अम्मा.”

“असेल म्हणजे? थापी कुठं लागली ते मेस्त्रीला कळत नाही?”

हे नखातलं सिमेंट काढायला लागले.

“चित्र झाकलं कोणी?”

“मी.”

खोटं! हा माणूस घरात साखर सांडली तरी कबूल करत नाही, आणि इथं दुसऱ्याचं अंगावर घेतो! मी तात्तांकडं बघितलं. ते मुलाच्या मागं उभे, नजर जमिनीला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिशवीतनं फोन काढला, तो फोटो शोधला, बोटांनी मोठा केला. चित्रावर धोतर. चिकटून बसलेलं. खाली पाटावर पाण्याचं थारोळं.

वाळलेल्या धोतराला चार जणांचा हात लागतो, ते सोवळ्यात चालत नाही. म्हणून तात्तांनी नुकतंच पिळलेलं, ओलंच धोतर देवावर टाकलेलं. दोन दिवस! खडू-डिंकाच्या लेपावर ओलं फडकं ठेवलं की लेप सुटतो, हे भिंतीचं काम करणाऱ्या कुणालापण कळतं. ह्यांना केव्हाच कळलेलं.

ह्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको म्हणून. हळूच मराठीत म्हणाले, “म्हातारा माणूस आहे ग.”

“आणि मी कोण आहे?” मी म्हणाले, आणि फोन अम्मांच्या टेबलावर ठेवला.

अम्मांनी एका पोलिसाला घरी पाठवलं. धोतर देवघरातच सापडलं, पाटाखाली बोळा करून कोंबलेलं. उलगडलं तर आतनं सोनंच सोनं चिकटलेलं. म्हणजे तात्तांना माहीत होतं. माहीत असून माझ्या नवऱ्याच्या हातातलं पेन बघत उभे होते!

“अप्पा, तुमी?” मालक म्हणाला.

“देवाला धूळ लागू नये, एवढंच रे,” तात्ता म्हणाले.

अम्मांनी कागद फाडला. मालकानं आमची माफी मागितली नाही. बापाकडं वळून सगळ्यांसमोर म्हणाला, “उद्यापासनं देवघराची किल्ली माझ्याकडं. तुमी आत जायचं नाही.”

आता आमी काम धरायच्या आधी कागद करतो. कुठली खोली कोण झाकणार, त्याच्यापुढं त्याची सही. देवघराची पहिली. कोणी म्हणतं, देवाच्या कामात कसली सही? मी म्हणते, मग भिंत तशीच राहू द्या.

पण भजनात पुढची जागा रिकामी असते. तात्ता येत नाहीत. हे टाळ घेतात, वाजवत नाहीत, घरी आले की माझ्याशी दोन शब्द बोलून भिंतीकडं तोंड करून झोपतात. मला रडू येत नाही, संताप येतो. त्या मुलाचा, ज्यानं आधी आपल्या बापाला विचारलं नाही. ह्यांचा, ज्यांना पोरीपेक्षा टाळ मोठा वाटला. आणि तात्तांचा सगळ्यात जास्त. दोन शब्द बोलायचे होते हो, दोनच! मला बोलायला लागलं नसतं.

तुमीच सांगा. कडेवर पोर, समोर नवऱ्याच्या हातात पेन, आणि पिशवीत तो फोटो. तुमी फोन बाहेर काढला असता, का पिशवीतच राहू दिला असता?