टाचणीचा खटला आणि किल्लीकाकांचं तोंड

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर, जिन्याखालच्या जागेत किल्लीकाकांचं दुकान आहे. काका आत उभे राहिले की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागतं. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर बिनदात्यांच्या कोऱ्या किल्ल्या, खाली किल्ली कापायचं यंत्र, आणि त्या यंत्राच्या करकरीवर आवाज चढवून बोलणारे काका. एक किल्ली करून घ्यायला आलेला माणूस काकांचे गुडघे, काकूंचा स्वभाव आणि लेकीची हुशारी या तिन्ही विषयांत तयार होऊन घरी जातो. मी डोळे तपासताना गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगतो, तर त्याचं लक्ष समोरच्या गप्पांत. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी मुळात तापट, त्यात हा शेजार.

लेक त्यांची एकुलती. लहानपणी हडकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. पुढे ती संगणकाचं शिकली, नोकरीला लागली, तरी टाचणीच राहिली. त्या यंत्राशेजारच्या पेटीवर बसून ती वाढली. मोडक्या कुलपांची आतडी बाहेर काढायची आणि पुन्हा भरायची, हा तिचा खेळ.

तर या टाचणीवर सरकारने खटला भरला. नळाचं पाणी वेळोवेळी तपासलं जातं, त्याचे अहवाल पाणी खात्याच्या वेबसाइटवर असतात, पण ते बघायला पैसे भरावे लागायचे. टाचणीने एक अहवाल विकत घेतला. वर पत्त्याच्या ओळीत त्याचा क्रमांक दिसत होता. तिने शेवटचा आकडा बदलून बघितला, तर पुढचा अहवाल समोर आला. पुन्हा बदलला, त्याच्या पुढचा आला. असे तिने सगळे अहवाल उतरवून घेतले आणि कुणालाही फुकट वाचता येतील असे इंटरनेटवर टाकले. ‘आपण पितो ते पाणी कसं आहे, हे आपल्यालाच विकत का घ्यावं लागतं?’ एवढंच वर लिहिलं. लोकांनी वाचलं, आपापल्या नळाकडे संशयाने बघितलं आणि खात्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आरोप असा, की तिने सरकारी संगणकाचं कुलूप तोडून आत प्रवेश केला. सिद्ध झाला तर पाच वर्षं तुरुंग.

हे ऐकून काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला खटला पहिल्यापासून सांगायला घेतला. टाचणीच्या वकीलबाई एकदा दुकानापाशी आल्या, पाच मिनिटं ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काका, निकाल लागेपर्यंत जरा कमी बोला.”

“मी कुठे बोलतो?” काका म्हणाले आणि या विषयावर पंधरा मिनिटं बोलले.

अशात ती सिनेमावाली आली. टाचणीवर आणि तिच्या खटल्यावर तिला माहितीपट करायचा होता. तिशीच्या आतली, पाठीवर मोठी पिशवी, कॅमेराही स्वतःच चालवायची. तिची एक पद्धत होती. समोरचा माणूस आपणहून थांबत नाही तोवर कॅमेरा बंद करायचा नाही. काकांच्या दुकानासमोर तिने तो रोवला तेव्हा मला तिची दया आली.

“टाचणीबद्दल सांगा ना काका,” ती म्हणाली.

काकांनी भिंतीवरचं एक जाडजूड कुलूप काढून कॅमेऱ्यापुढे धरलं. छाती फुगवून म्हणाले, “हे बघा. कुठलंही कुलूप आणा. माझ्या पोरीपुढे टिकायचं नाही. आठ वर्षांची असताना तिने हे उघडलंय, केसातल्या पिनेनं!” पुढे ते बोलतच राहिले. मी ऐकणं सोडून दिलं आणि काचा पुसायला बसलो. मग लक्षात आलं की ती बिचारी अजून उभीच आहे. मी तिला स्टूल नेऊन दिलं.

काही दिवसांनी माहितीपट येतोय हे लोकांना कळावं म्हणून तिने त्यातला छोटासा तुकडा इंटरनेटवर टाकला. काका, कुलूप, केसातली पिन. लोकांना फार आवडला. सरकारी वकिलांना तर सगळ्यांत जास्त आवडला.

एका कुलूपवाल्याच्या तोंडी ही शाबासकी होती. सुताराने पोराच्या हाताचं कौतुक करावं तशी. पण ज्या पोरीवर कुलूप तोडल्याचा आरोप आहे, तिच्या बापाने हे जगासमोर सांगावं? वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील हा तुकडा न्यायालयात दाखवणार, अशी बातमी त्यांनीच आणली होती. त्या गेल्यावर काका पेटीवर बसले ते बसलेच. सिनेमावालीने येऊन रडवेल्या आवाजात माफी मागितली. “तुझं काय चुकलं बाळ, तोंड माझं,” असं म्हणून काकांनी तिला वाटेला लावलं.

त्या दिवसापासून त्यांनी मिठाची गुळणी धरली. गिऱ्हाईक यायचं, किल्ली द्यायचं, काका कापून हातात ठेवायचे. संपलं. जेवण सुटलं, घरात काकूंशीही बोलणं नाही. टाचणीने परोपरीने समजावलं, चिडून बघितलं, एकदा पेटीवर शेजारी बसून राहिली. काका नुसते तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. माझी गिऱ्हाइकं सरळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागली आणि मला दुकानात बसवेना. यंत्राची नुसती करकर ऐकत मी त्याच त्या काचा पुन्हा पुसायचो.

सुनावणीच्या दिवशी काका आत यायला तयार होईनात. बाहेर बाकावर बसून राहिले, म्हणून काकूंच्या सोबतीला आत मी गेलो. सरकारी वकिलांनी पडद्यावर तुकडा दाखवला. कुठलंही कुलूप आणा, माझ्या पोरीपुढे टिकायचं नाही. लोक हसले, काकूंनी माझं मनगट धरलं. सरकारी वकील न्यायाधीशांना म्हणाले, “सख्खा बाप सांगतोय. आम्ही आणखी काय सांगायचं?”

वकीलबाई उठल्या. म्हणाल्या, “सख्खा बाप एवढ्यावर थांबला असेल, हे मला पटत नाही. मी त्यांना ओळखते. सबंध चित्रीकरण आणलंय, ते दाखवायची परवानगी द्यावी.”

पुढचं चित्रीकरण सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात मी काचा पुसताना दिसत होतो. आणि काका म्हणत होते, “पण ते कुलूप लागलेलं असलं तर! मी पोरीला पहिला धडा कुठला दिला? हत्याराला हात लावायच्या आधी दार ढकलून बघायचं. लोक घाबरून मला बोलावतात, मी जाऊन हात लावतो, तर दार उघडं. नुसतं ओढून घेतलेलं असतं. मग मी काही केलंच नाही ना? ढकलल्यावर उघडलं ते दार बंद नव्हतंच. त्याला कुलूप उघडणं म्हणत नाहीत.” त्यानंतर ते एका साहेबांची गोष्ट सांगू लागले, जे स्वतःच्याच उघड्या दाराबाहेर घामाघूम होऊन उभे होते. न्यायाधीशांनी ती पूर्ण ऐकली.

मग वकीलबाईंनी पाणी खात्याच्या संगणक अधिकाऱ्याला विचारलं, “त्या अहवालांना कुलूप होतं का? पासवर्ड, काहीही?”

अधिकाऱ्याने सरकारी वकिलांकडे बघितलं, छताकडे बघितलं. “बसवायचं ठरलं होतं,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी.”

निकाल नंतरच्या तारखेला लागला. त्या दिवशी काका आत आले, शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसले. कुलूप नव्हतं, तेव्हा ते तोडलं असं म्हणता येत नाही, टाचणी निर्दोष. न्यायाधीशांनी हे बरीच लांबण लावून सांगितलं, पण अर्थ एवढाच. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काकूंनी वकीलबाईंना मिठी मारली. मी नाक शिंकरण्यात बराच वेळ घालवला. काका मात्र अजून काहीच बोलत नव्हते. त्यांना ते खरं वाटत नसावं.

चालतच घरी निघालो. सिनेमावाली कॅमेरा घेऊन मागे होतीच. दाराशी पोचल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, किल्ली?”

काकांनी सगळे खिसे चाचपले. किल्ली नव्हती. अख्ख्या गल्लीची दारं उघडून देणारा माणूस स्वतःच्या दाराबाहेर! त्यांनी वरच्या खिशातून तारेचा बारीक आकडा काढला आणि दारातच बसवलेल्या कुलपाच्या भोकाला लावला. आकडा आत जाईना. एकदा घसरला, दुसऱ्यांदा खाली पडला. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असं झालं नसेल. आम्हाला काय करावं कळेना.

“बाबा,” टाचणी हळूच म्हणाली, “आधी ढकलून बघा.”

काकांनी तळवा दारावर ठेवला. दार उघडलं. सकाळी भीतीच्या भरात ते दार नुसतं ओढून घेऊन, कुलूप न लावताच निघाले होते.

ते तिथेच पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. “मला वाटलं, तुला मीच तुरुंगात घातलं गं,” एवढं कसंबसं म्हणाले. टाचणी त्यांना बिलगून बसली. काकूंना डोळे पुसायचे होते आणि ओरडायचंही होतं, त्यांनी ओरडायचं ठरवलं. “कुलूपवाल्याचं घर दिवसभर उघडं! कुणी काही नेलं असतं म्हणजे?”

“नेऊ दे गं,” काका म्हणाले. “जिला नेणार होते, ती परत आली.”

मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. “हे सिनेमात घालू नकोस हां,” त्यांनी सिनेमावालीला बजावलं. “धंद्याला बरं नाही.” आणि ते का बरं नाही, हे ते तिला समजावू लागले. ती नेहमीप्रमाणे त्यांचं संपेपर्यंत उभी राहिली.

माहितीपट आमच्याच भागातल्या सभागृहात दाखवला. शेवटचं दृश्य अर्थातच ते दार होतं. टाचणीने स्वतःच ते ठेवायला सांगितलं होतं. काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पहिल्या दृश्यापासून बोलत होते. पडद्यावरचे काका एक सांगत होते, खुर्चीतले काका त्यात भर घालत होते. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वैतागून वळला आणि म्हणाला, “अहो, जरा गप्प बसा की.”

मीच पुढे वाकलो आणि त्याला सांगितलं, “बोलू द्या हो त्यांना.”