निकालाआधी फेडलेला नवस

“उतराचं नाही म्हणते न वो, वकील सायब! मधात उतरलं का नवस फुटते!”

मावल्याच्या बाजारात कडुनिंबाला कापसाचा मोठा काटा टांगला होता. त्याच्या एका पारड्यात मी बसलो होतो, आणि खालून भाजीवाली मावशी अशी ओरडत होती की आदिलाबाद स्टेशनावरची गाडी म्हणे शिट्टी समजून वेळेआधी सुटली.

“मावशी, मतमोजणी चालू आहे अजून,” मी हात जोडले. “आणि मी मागं आहे.”

“मोजणी तुमची, नवस आमचा. बसा गुमान.”

बाजाराची ही जागा एका जिनिंगवाल्यानं बळकावायला घेतली, तेव्हा दावा मीच लढलो होतो. फी म्हणून वांगी मिळायची. इतकी खाल्ली की माझ्या काळ्या कोटाला जांभळी झाक आली. फैसला आमच्या बाजूनं लागला आणि बाजारानं मला निवडणुकीला उभं केलं. वकील आमदार झाला तर त्याच्या वजनाएवढी वांगी देवीला वाहायची, मग गावजेवण, असा नवस. समोर उभा तोच जिनिंगवाला. तो आमदार झाला असता तर फैसला फायलीत राहिला असता आणि बाजार रस्त्यावर आला असता.

पण वांगी निकालाची वाट पाहत नाहीत. तोडणी झाली, माल येऊन पडला. मंडळींनी नवस आधीच फेडायला काढला. मी मोजणीच्या हॉलातून चहाच्या निमित्तानं तोंड लपवून सटकलो होतो, तो नेमका यांच्या तावडीत सापडलो.

समोरच्या पारड्यात टोपल्या पडू लागल्या. माझं पारडं जमिनीवरून हलेना. कोर्टातल्या खुर्च्या मला पाहून आधीच करकरायच्या, म्हणजे बघा.

“काय खाता वो सायब?” एक माळी हाशहुश करत म्हणाला.

“तुमचीच वांगी.”

कानाला फोन होता. हॉलातला माझा ज्युनिअर दर फेरीला म्हणे, “सार, अजून मागेच.” इकडे मावल्यातली वांगी संपली, शेजारच्या गावांतून मागवली. जिनिंगवाल्याची माणसं रस्त्यापलीकडे उभी राहून खिदळत होती. मग हॉलात बेल्याकडच्या गावांची मतदान यंत्रं उघडली. एक टोपली पडली, मी वीतभर उचललो गेलो, मतांचा फरक निम्म्यावर आला. दुसरी पडली, बरोबरी. शेवटची टोपली मावशीनं स्वतः ओतली. माझे पाय हवेत गेले, आणि ज्युनिअर तेलुगूत किंचाळला, “गेलिचारू सार!”

जिंकलो होतो. गुलाल एवढा उधळला की सीमेपलीकडे लोकांना वाटलं वावटळ आली. पुढं विधानसभेत खूप बसलो, पण त्या पारड्याइतकी उंच जागा तिथंही मिळाली नाही.

संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत मावशीला विचारलं, “आणि मी हरलो असतो तर?”

तिनं माझ्या पानात भाजी वाढली.

“तर काय. तुमाले उतरवलं असतं, अन् वांगी इकली असती.”