कासवाचा मधला सांधा

दुधावर नजर ठेवणं हे एकट्या माणसाचं काम नव्हे. घरात दोघं असली की एक दाराकडे जातं, दुसरं शेगडीपाशी थांबतं. काका एकटेच होते. दारावर टकटक झाली तेव्हा ते दोन पावलं दाराकडे गेले, दुधाच्या आठवणीने परत फिरले, पुन्हा टकटक झाली तसे पुन्हा वळले, आणि या येरझाऱ्यांत दुधाने आपला कार्यभाग साधून घेतला.

"आलो, आलो!" म्हणत त्यांनी दार उघडलं. त्यांना वाटलं होतं, वरच्या मजल्यावरच्या वहिनी असतील. त्यांच्याशिवाय हे दार वाजवतं कोण? पण समोर संग्रहालयातल्या नव्या मॅडम उभ्या होत्या. नव्या म्हणजे त्यांनाही तिथे आता काही वर्षं झाली होती. पण काका निवृत्त व्हायच्या सुमारास त्या आल्या, म्हणून काकांच्या लेखी त्या कायमच्या नव्या.

"काका, काहीतरी करपतंय."

"दूध आहे. गेलं. तुम्ही बसा."

मॅडम बसल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि ओट्यावरचं फडकं उचललं. काका घाईघाईने म्हणाले, "अहो, फडकं नको! ते भोकांत नुसतं लिंपून बसतं." त्यांनी खिडकीतल्या पेल्यातून दात घासायचा जुना ब्रश घेतला, शेगडी बंद केली आणि बर्नरच्या एकेका भोकातून दूध काढायला लागले. मॅडम बघत राहिल्या. त्यांना हे काका ओळखीचे वाटले. तळघरातही ते असेच पाठ वाकवून उभे असायचे.

काकांनी उभी हयात दगड सोलण्यात घालवली. त्यांच्या हुद्द्याला कागदावर काहीतरी लांबलचक नाव होतं, पण संग्रहालयाच्या तळघरात त्याला सगळे 'सोलकाम'च म्हणत. खोक्यातून दगड यायचा, त्याच्या पोटात हाड असायचं. हाडाला धक्का न लावता दगड तेवढा कणाकणाने काढायचा. त्यासाठी सुया, ब्रश, आणि समोरच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली हत्यारं. एका दगडाला वर्ष लागलं तरी कुणी विचारत नसे. काकू बायकांत बसल्या की सांगायच्या, "आमचे हे दगड सोलतात. संत्रं सोलून मागा, मग बघा कशी तोंडं करतात."

निवृत्तीनंतर सोलायला काही उरलं नाही. मग काकांनी खिडकीच्या गजांवरचा जुना रंग सोलला, नळांवरचा पांढरा थर सोलला, कपाटाच्या बिजागऱ्या सोलल्या. वरच्या वहिनी एकदा डाळीची वाटी परत करायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो काका, घर सोलून काढलंत की! आता आतून काय निघणार आहे?" काका हसले. वहिनी गेल्यावर मात्र ते त्या लखलखीत नळाकडे बराच वेळ बघत बसले. आतून काही निघणार नव्हतं, ते खरंच होतं.

त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम एकच, ते कासव. ध्रुवाजवळच्या प्रदेशातून, प्लास्टरच्या पट्ट्यांत गुंडाळून, मोठ्या खोक्यात आलेलं. आज जिथे बर्फाशिवाय काही नाही, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडी होती, पाणी कोमट होतं, आणि त्या पाण्यात हे कासव पोहत होतं. हिवाळा आला की तिथे महिनोन्महिने सूर्य उगवायचा नाही. काकांनी हे घरी सांगितलं तेव्हा काकूंनी पोळपाट बाजूला सारून विचारलं होतं, "मग एवढ्या अंधारात ते करायचं काय हो?"

"काय करणार? बसून राहत असेल."

"एकटं?"

"मला काय माहीत? मी काय तिथे होतो?"

संध्याकाळी काकांना यायला उशीर होऊ लागला, तशी काकूंनी कासवाला सवत करून टाकलं. "आज सवतीची पाठ घासली की पोट?" असं विचारूनच ताट वाढायच्या. कासव दालनात उभं राहिलं तेव्हा त्या नवं पातळ नेसून बघायला गेल्या. काचेपुढे उभं राहून म्हणाल्या, "दिसायला बरी आहे. पण एवढं पुसून-पुसून कुणी मला ठेवलं असतं, तर मीही दिसले असते." त्यानंतर थोड्याच काळात काकू गेल्या. मुलगी लांब, ती फोन करायची. "बाबा, काय करताय?" "बसलोय."

रविवारी काका तिकीट काढून दालनात जायचे. पहारेकरी म्हणायचा, "तुम्हाला कसलं तिकीट हो?" पण ते काढायचेच, इतरांसारखे आलो असं वाटावं म्हणून. काचेसमोर एक बाक होता. तिथे बसून लोक काय बोलतात ते ऐकायचं, आणि दुपार झाली की घरी यायचं. मागचे काही रविवार दालनावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. रंगबिंग देत असतील, असं समजून ते परत फिरले होते.

"काका," मॅडम ओट्याला टेकून म्हणाल्या, "मधल्या सांध्याला तुम्ही काय लावलं होतं?"

ब्रश थांबला. "का? सुटला?"

"तोच तर सुटत नाहीये. बाकीचे सगळे द्रावणात घातल्याबरोबर सुटले."

"पण तुम्ही ते सोडवताय कशाला?"

मॅडमनी आता खुर्ची ओढली. त्यांनी सावकाश सांगितलं. हाडं मोठ्या मशीनमध्ये घालून आतून बघितली. झाडाच्या खोडात असतात तशा हाडातही वर्षावर्षाच्या रेघा असतात. कवचाच्या पुढच्या भागातल्या रेघा वेगळ्या आणि मागच्या भागातल्या वेगळ्या. "पुढचं कासव म्हातारं होतं, काका. मागचं तरुण, पण अंगाने भरलेलं. म्हणून माप जुळलं. ते एक नाहीये. दोन आहेत."

"दोन," काका म्हणाले.

"एकाच खोक्यात, एकाच प्लास्टरमध्ये आली होती. कुणालाही एकच वाटलं असतं. आम्हालाही इतकी वर्षं वाटतच होतं."

सोलकामात एक शब्द होता, 'बसलं'. दोन तुकडे जुळवताना डोळे मिटायचे आणि कडेवर कड हळूच फिरवायची. खरी जागा आली की बोटांना बारीकसं 'टक' लागायचं. मग म्हणायचं, बसलं. तो मधला सांधा कधी बसलाच नव्हता. कड झिजली असेल, असं म्हणून त्यांनी फटीत लांबीचा लगदा भरला होता. नेहमीच्या डिंकाने जोडलं की सकाळी ते पुन्हा उघडलेलं असायचं. दालन उघडायच्या आदल्या दिवशी संग्रहालयाचे तेव्हाचे साहेब म्हणाले होते, काय वाट्टेल ते कर, पण उद्या हे उभं दिसलं पाहिजे. साहेब आता या जगात नव्हते. त्यांच्यावर कशाला ढकलायचं?

"दोन नळ्यांचा डिंक," काका म्हणाले. "दोन्हींतला सारखा घेऊन कालवायचा, तो."

"काका! परत सुटेल असंच चिकटवायचं, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवायचात ना?"

"शिकवायचो. तिथे नाही पाळलं." त्यांनी ब्रश नळाखाली धरला. "द्रावण त्याचं काही वाकडं करणार नाही. ऊब द्यावी लागेल, अगदी हळूहळू. घाई केलीत तर हाड जाईल आणि डिंक राहील."

मॅडमनी मान हलवली. मग काका अचानक हसले.

"काय झालं?"

"काही नाही हो. घरात एकीला सांगायला हवं होतं."

एक नाही, दोन सवती! काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या असत्या, वरच्या वहिनींना जिन्यातून हाक मारून सांगितलं असतं, महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं. इतका चांगला विनोद, आणि घरात तो पोचवायला कान नाही. मुलीला फोनवर सांगितलं तर ती "हो का?" म्हणेल आणि गोळ्या वेळेवर घेता का ते विचारेल. मॅडमना सांगायचं तर आधी सगळा संसार सांगावा लागेल. काकांनी तो विनोद तसाच गिळला.

"दूध तर गेलं. कोरा चालेल?"

"चालेल की."

चहा पिताना मॅडम म्हणाल्या की सोमवारपासून काम सुरू होईल. दोन नवी माणसं आहेत, हात चांगला आहे त्यांचा.

"आणि नंतर? पुन्हा दालनात?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "नाही काका. अर्धी-अर्धी कासवं कोण बघणार? आत कपाटात जातील, अभ्यासासाठी. तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत." मग घाईने म्हणाल्या, "पण लेखात तुमचं नाव घालणार आहे मी."

"काय म्हणून? चुकीचं जोडलं म्हणून?"

"इतकं स्वच्छ सोललं म्हणून. रेघा दिसल्या त्या त्यामुळेच."

"मग घाला," काका म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. रविवार त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता; तिकिटाविना, बाकाविना, नुसता.

मॅडम उठल्या, दारात चपला घालायला लागल्या. काका मागोमाग आले. हातात ब्रश तसाच होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम, एक मागू का?"

"मागा ना काका."

"सोमवारी मला तिथे बसू द्या. कोपऱ्यात एक स्टूल टाका. मी हात लावणार नाही, मधे बोलणार नाही. ती दोघं सुटी होईपर्यंत नुसता बसतो."