निशिगंधाबाईंचा बुधवारचा वाटाणा

बुधवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी निशिगंधा शिवलकर विळीवर बसून चौथा नारळ खोवत होत्या. शेजारच्या पातेल्यात अडीच किलो काळे वाटाणे रात्रभर भिजून टच्च फुगले होते. साळवी स्टॉपच्या मागच्या गल्लीत, चिऱ्याच्या दोन खोल्यांत, त्या नऊ वर्षं डबे करतात. सध्या एकेचाळीस.

आठवड्याचा बेत कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला असतो. सोमवारी डाळ आणि कोबी, कारण निम्मी गिऱ्हाइकं सोमवारी उपास आहे असं सांगतात आणि मग डबा उघडतात. शनिवारी आठवडाभरातलं जे उरेल ते. त्याला निशिगंधाबाई ‘मिक्स भाजी’ म्हणतात. शुक्रवारी मिरकरवाड्याच्या बंदरावरचा बांगडा. बांगडा परवडतो तो केवळ बुधवारमुळे. बुधवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं. वाटाणा स्वस्त, नारळ दारातल्या दोन माडांचे, वर आमसुलं घरची. सगळा बेत या एका पातेल्यावर तोललेला आहे.

या बुधवारी तर फारच. एकेचाळीसातले बावीस डबे एका बँकेच्या शाखेत जातात. नाचणे रोडला समर्थ नावाच्या एका तरुणाने नवं किचन काढलं होतं. कप्प्याकप्प्यांचा डबा, पनीर, रविवारी गुलाबजाम. बँकेतल्या मंडळींचं मन तिकडे ओढ घेत होतं. त्यांच्या वतीने डब्यांचं पाहणारा विनीत सोमवारी फोनवर म्हणाला होता, “काकू, खरं सांगतो, भाज्यांचा कंटाळा आलाय सगळ्यांना. पण बुधवारचा वाटाणा खाऊन मग काय ते ठरवू म्हणतायत.”

“म्हणजे परीक्षाच घेताय की रे माझी.”

“परीक्षा नाही हो काकू. मतदान.”

बावीस डबे गेले तर उरलेल्या एकोणिसांत ना गॅस सुटतो, ना मदतीला येणाऱ्या जनीचा पगार. निशिगंधाबाईंनी हे कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. दाखवायची गरजही नव्हती; घरात तिघंच माणसं राबतात आणि तिघांनाही बेरीज येते.

नारळ संपवून त्यांनी मसाल्याचा डबा उघडला. तळाला दोन चमचे. सांबाऱ्याचा खास मसाला त्या दर पंधरवड्याला मंगळवारी करतात, पण काल दिवसभर वीज नव्हती, म्हणून काम आजवर ढकललं होतं. हरकत नव्हती. जिन्नस घरात होते, मिक्सर होता. फक्त चिठ्ठी काढायची होती.

चिठ्ठीबद्दल थोडं सांगायला हवं. विम्याच्या एका जुन्या पावतीच्या मागे मसाल्याची तेरा जिनसांची मापं लिहिलेली होती. सात वर्षांपूर्वी केळशीच्या मावशीकडून ती फोनवर उतरवून घेतलेली. निशिगंधाबाईंनी ती कधी पाठ केली नाही. दर वेळी समोर ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. आणि वाचून झाली की लपवायच्या. कोणापासून? मुख्यतः जनीपासून. जनी हातखंब्याच्या बाजूने एसटीने येते, मदतीला असते, तिचा हात चांगला आहे, आणि चांगल्या हाताच्या बाईला मसाला कळला की ती स्वतःचे डबे सुरू करते, असा निशिगंधाबाईंचा अभ्यास होता. म्हणून मसाला त्या जनी यायच्या आत करायच्या आणि चिठ्ठीची जागा बदलत राहायच्या. तांदळाचा पिंप, गणपतीच्या फोटोची मागची बाजू, कुकरचं माहितीपुस्तक, लाइटबिलांची फाइल. गेल्या आठवड्यात दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी पुन्हा जागा बदलली. ती जागा त्यांना आठवत नव्हती. आठवत होतं ते एवढंच, की ठेवताना मनात म्हटलं होतं, इथे कोणाला शंकाही येणार नाही. अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला.

पावणेसहापर्यंत त्यांनी पिंप उपसला, फोटो उलटा केला, गादीची शिवण उसवली. या आवाजाने गंगाराम, त्यांचे यजमान, उठून दारात उभे राहिले. गंगाराम तीस वर्षं बोटीवर होते. निवृत्त झाल्यापासून स्कूटरवरून डबे पोचवतात आणि मतं देतात.

“काय शोधत्येस?”

“काही नाही.”

“काही नाही शोधायला गादी उसवलीस?”

“अहो, मसाल्याची चिठ्ठी.”

“मला विचार ना कुठे ठेवलीस ते.”

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“नाही. पण विचारायचंस तरी. आमचा बोटीवरचा कुक मसाला संपला की पाणी कमी घालायचा आणि बिर्याणी म्हणून वाढायचा. पंचवीस माणसं खायची.”

“मग?”

“मग काय. समुद्रात दुसरीकडे कुठे जातील जेवायला?”

निशिगंधाबाईंची गिऱ्हाइकं समुद्रात नव्हती, नाचणे रोडपासून दहा मिनिटांवर होती. त्यांनी केळशीला फोन लावला. मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, चारला उठणाऱ्या.

“मावशी, त्या सांबाऱ्याच्या मसाल्याचं माप सांग ना परत.”

“माप? कसलं माप?”

“अगं, तू नाही का मला फोनवर मापं दिलीस?”

“मी कुठली मापं देत्ये. तूच लिहून घेतलंस. वाटी म्हणू का, वाटी म्हणू का, म्हणून माझा जीव खाल्लास. मी आपलं हो म्हटलं.”

“म्हणजे तू मोजून नाही घालत?”

“मोजून घालायला ते काय औषध आहे? बरं, माझ्या गुडघ्याचं तुला कळलं का?”

गुडघा अकरा मिनिटं चालला. सात वर्षं ज्या कागदाला त्यांनी दागिन्यासारखं जपलं, त्यावरची मापं एका कंटाळलेल्या बाईने केवळ फोन ठेवता यावा म्हणून मान्य केली होती, हे निशिगंधाबाईंना फोन ठेवल्यावर कळलं.

सहाला त्यांनी आठवेल तसं भाजायला घेतलं. धणे, मिरी, लवंग, दालचिनी, बडीशेप, लाल मिरच्या. तेरापैकी आठ जिन्नस आठवले. मग कांदाखोबऱ्याचं वाटप, शिजलेले वाटाणे, आणि मसाल्याचा पहिला हात. पातेल्याला उकळी आली तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. आज संकष्टी होती. त्यांना चाखता येत नव्हतं. एरवी चाखायची गरज पडत नसे, चिठ्ठी असे.

गंगारामांना चमचा दिला. त्यांनी डोळे मिटून चव घेतली.

“मीठ कमी आहे.”

“तुम्हाला खिरीतसुद्धा मीठ कमी लागतं.”

“मग विचारतेस कशाला?”

साडेसहाला जनी आली. दारात चप्पल काढतानाच तिने नाक वर केलं. उपसलेला पिंप पाहिला, उसवलेली गादी पाहिली.

“वयनी, चोरी झाली काय?”

“चिठ्ठी हरवली मसाल्याची,” गंगाराम म्हणाले. निशिगंधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण उशीर झाला होता.

“ती व्हय. मना वाटला दागिने.” जनीने पदर खोचला. “गेल्या पावसात ती मशीनच्या पायाखाली होती. त्याच्या आदी गणपतीमागं.”

“तुला ठाऊक होतं?”

“झाडू मी मारतंय, वयनी.”

“वाचलीस?”

“कशाला वाचू? तुमचा अक्षर डाक्तरासारखा.”

निशिगंधाबाईंनी चमचा तिच्या हातात दिला. नऊ वर्षांच्या धंद्यात इतक्या अनिच्छेने त्यांनी कोणाला काही दिलं नव्हतं. जनीने चाखलं, जीभ टाळूला लावली, छताकडे बघितलं.

“धन्यांचा सांबारा झालाय.”

“म्हणजे?”

“धनेच लागतात. मागनं काय येतच नाय. दगडफूल नाय घातलात.”

दगडफूल. निशिगंधाबाईंनी कपाळाला हात लावला. “तुला कसं कळलं?”

“मिक्सरचा भांडा कोन धुवता? सात वर्सा धुवतंय. तो काळा वास दोन दिस हाताचा जात नाय. भाकरीला येतो, पोरगी बोलते, आये, भाकरीला कसला वास.” जनीने दुसरा चमचा घेतला. “चिठ्ठी लपवलात. भांडा मात्र तसाच ठेवलात मोरीत.”

गंगाराम हसायला लागले आणि डबे पुसायला बाहेर गेले.

पुढचा पाऊण तास जनीने मोरीतल्या आठवणींवर मसाला उभा केला. पात्याखाली बारीक पांढरं अडकतं, ते काथ्याने घासावं लागतं, म्हणजे खसखस. चाळणीवर चांदणीसारखे तुकडे राहतात, म्हणजे बाद्यान, आणि तुकडे कायम दोनतीनच असतात, म्हणजे दोन फुलांच्या वर नाही. धुताना पाणी पहिल्यांदा पिवळं येतं, लाल नंतर. “हळकुंडाचा कुडका बी टाकता तुमी. भाजून.” तेराव्या जिनसापर्यंत जनी पोचली तेव्हा निशिगंधाबाईंचा राग ओसरून त्याची जागा एका वेगळ्याच भावनेने घेतली होती. तो आदर होता, पण त्यांनी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

खसखशीचा डबा उघडला तर त्यात नखभर.

“ऱ्हाऊं दे,” जनी म्हणाली. “केवढी म्हाग. म्हयनाभर तिच्या नावानं रडता. तीळ भाजा पांढरे.”

“सांबाऱ्यात तीळ?”

“कोन बघतंय आत वाकून?”

तीळ भाजले. मसाल्याचा दुसरा हात पडला. जनी चाखायची, सांगायची, निशिगंधाबाई घालायच्या. “अजून. अजून. बास. आता आमसुला टाका चार.” शेवटी तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “झाला.”

“पहिल्यासारखा?”

“पयल्यासारखा कसा व्हईल? पयला तुमचा होता.”

साडेअकराला गंगाराम बावीस डबे घेऊन निघाले, परत येऊन बाकीचे घेऊन गेले. निशिगंधाबाईंनी कपभर चहा घेतला आणि फोन ओट्यावर, समोर दिसेल असा ठेवला. दुपारी एकपासून त्यांनी त्याच्याकडे पाहत पाहत शुक्रवारसाठी लसूण सोलला. जनीने भांडी घासली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी विनीतचा फोन आला.

“काकू, चव बदललीय.”

निशिगंधाबाईंनी हातातला लसूण खाली ठेवला. जनीने नळ बंद केला.

“वाईट झालंय का?”

“तसं नाही. म्हणजे काय बदललंय ते कोणाला सांगता येईना. अर्धा तास त्यावरच चर्चा. पण भात सगळ्यांचा संपला. मॅनेजर साहेब शिपायाच्या डब्यातला मागत होते.”

“मग ठरलं काय?”

“एकोणीस तुमच्याकडे. तिघं जातायत.”

“वाटाणा नाही आवडला त्यांना?”

“वाटाणा आवडला, काकू. दर्शन, सानिका आणि आमचा एक शिकाऊ. त्यांना गुलाबजाम पाहिजे. त्यांचं आधीपासूनच ठरलं होतं, मत द्यायला फक्त थांबले होते.”

“फुकटचं जेवून मत दिलं की.”

“लोकशाही आहे, काकू. आणि भात थोडा जास्त घाला बुधवारी.”

फोन ठेवून त्यांनी आकडा सांगितला. जनीने मान हलवली आणि नळ पुन्हा सुरू केला. मग पाठमोरीच म्हणाली, “आता लिवून ठेवा. कागदावर नको, तुमचा काय भरवसा नाय. भितीवर लिवा.”

“भिंतीवर? गॅसवाला येतो, दूधवाला येतो.”

“त्यांना काय करायचाय? आनि मी बगितला तर काय? मी डबे सुरू करीन असा वाटता ना तुमाला?”

निशिगंधाबाई लसणाची सालं गोळा करायला लागल्या. त्यांना तेच वाटत होतं.

“साडेचारला उठून एकेचाळीस डबे,” जनी म्हणाली. “येड लागलाय मना? मी साडेसहाला येतंय, चारला जातंय. शेठानी कोन होईल ती.”

तेव्हा निशिगंधाबाईंनी पेन्सिल घेतली आणि मिक्सरच्या बटणाशेजारी, चुन्याच्या भिंतीवर लिहायला लागल्या. जनी सांगत होती, त्या लिहीत होत्या, या वेळी सुवाच्य अक्षरात. बारा जिनसांवर पेन्सिल थांबली.

“तीळ ऱ्हायले,” जनी म्हणाली.

“राहू देत. दूधवाला येतो.”

जनीने भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पिशवी उचलली. चार दहाची एसटी होती.

चिठ्ठी म्हणाल तर ती अजून सापडलेली नाही. गंगारामांचं म्हणणं, ती समर्थकडे असणार. निशिगंधाबाईंनी त्यावर त्यांच्याकडून गादी शिवून घेतली.

उद्या गुरुवार. वालाची उसळ, चपात्या आणि भात. अडतीस डबे, पहिली फेरी साडेअकराला.